१९७२ ची डॅटसन २४०झेड आणि टर्बोचं इंजिन : एका हिवाळ्याच्या नोंदी

२३ ऑक्टोबर २०२३

खंडेनवमी. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या शेडमध्ये आण्णांनी लेथ पुसून हार घातला. त्याचा व्हिडिओ आला तेव्हा इथे मिशिगनमध्ये रविवारची रात्र होती. आज ऑफिसमधून आल्यावर मीही टॉर्क रेंच, सॉकेटचा डबा आणि जॅक पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. झेंडू मिळाला नाही, शेवंती मिळाली. पूजा झाली आणि ही वही उघडली.

गाडी तीन वर्षांपूर्वी ॲरिझोनातून आणली. तिथल्या कोरड्या हवेमुळे खालचा पत्रा अजून मूळचा आहे. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. ते मीठ खाल्लेली या वयाची गाडी जॅकवर घेतली की पत्र्यात बोट जातं. म्हणून ही नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमध्येच असते आणि काम करायला तेवढाच काळ मिळतो.

तिचं स्वतःचं इंजिन एल२४. सरळ रांगेतले सहा सिलिंडर, २३९३ सीसी, दोन कार्बोरेटर. चार नंबरचा सिलिंडर तेल जाळतो, प्लग आठवड्यात काळा होतो. रिबोअर करता आलं असतं. पण टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंखा) बसवायचं मनात कधीपासून होतं, आणि रिबोअरचा खर्च करून पुन्हा तिथेच थांबायला मन तयार होईना.

४ नोव्हेंबर

इंजिन कुठलं, यावर महिनाभर डोकं चालवलं. इथले बहुतेक लोक या गाडीत अमेरिकन व्ही-८ बसवतात. ताकद भरपूर, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात. काही जण निसान स्कायलाइनचं आरबी२५ इंजिन जपानहून मागवतात. दोन्ही इंजिनं उत्तम आहेत. पण व्ही-८ बसवली की बॉनेटखाली वेगळीच गाडी होते. आवाज वेगळा, माउंट वेगळे, गियरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदाही कापावा लागतो. या गाडीचं लांब नाक सहा सिलिंडर एका रांगेत बसावेत म्हणून लांब आहे. त्या नाकात तेच घराणं राहावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एल२८ईटी. अमेरिकेत १९८१ ते १९८३ मध्ये २८०झेडएक्स टर्बोमध्ये कंपनीनेच दिलेलं इंजिन. २७५३ सीसी, बोअर ८६, स्ट्रोक ७९ मिलिमीटर, कॉम्प्रेशन फक्त ७.४, आणि गॅरेटचा टी३ टर्बो. कागदावर १८० अश्वशक्ती. माझ्या एल२४ ची कागदावरची १५१ आहे, म्हणजे फरक थोडासाच दिसतो. पण ती १५१ जुन्या 'ग्रॉस' पद्धतीची आहे, अल्टरनेटर, सायलेन्सर वगैरे काहीही न जोडता मोजलेली. १८० मात्र 'नेट' आहे. खरा फरक त्या २९ पेक्षा बराच मोठा.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ब्लॉक त्याच घराण्यातला आहे. जुन्या गाडीचे इंजिन माउंट याला जसेच्या तसे बसतात. उद्या कोणाला ही गाडी मूळ रूपात हवी असली, तर एल२४ कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असेल. एकही पत्रा कापायचा नाही, हा नियम आज वहीत लिहून टाकला.

११ नोव्हेंबर

इंजिन आणलं. हेडवर पी९० आणि ब्लॉकवर एफ५४ हे ओतीव आकडे आहेत, म्हणजे माल खरा. स्टँडवर स्टार्टर लावून कॉम्प्रेशन घेतलं : १२८, १३०, १३०, १२७, १२१, १२९ पीएसआय. पाच नंबर जरा खाली. या इंजिनात मागचे सिलिंडर जास्त तापतात, पाणी तिथे मंद फिरतं. हेड काढायचंच असं ठरलं.

उद्या लक्ष्मीपूजन. दोन दिवस गॅरेज बंद.

१८ नोव्हेंबर

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढायला चार तास लागले आणि दोन टोकांचे दोन स्टड तुटले. चाळीस वर्षं तापून थंड होऊन ओतीव मॅनिफोल्ड वाकतो आणि टोकाच्या स्टडना ओढतो. आधी दोन दिवस तेल पाजलं होतं, तरी तुटले. एकाचा चार मिलिमीटर तुकडा बाहेर होता. त्यावर नट वेल्ड केला, लाल असतानाच मेणबत्ती टेकवली, मेण आट्यांत ओढलं गेलं आणि स्टड अलगद सुटला. दुसरा आतच तुटलेला. त्याला मधोमध पंच मारून डाव्या हाताच्या ड्रिलने भोक पाडलं. ड्रिल उलटं फिरतं, त्यामुळे कधीकधी भोक पाडतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. आज तसंच झालं. हेडचे आटे शाबूत राहिले.

२ डिसेंबर

हेड काढलं. एल घराण्याच्या इंजिनावर पहिल्यांदा हात घालणाऱ्याने हे वाचावं : कॅमचं चक्र काढण्याआधी टायमिंग चेनच्या मधे लाकडी पाचर ठोकायची. नाहीतर चेन सैल पडते, खालचा टेन्शनर उडी मारून बाहेर येतो आणि तो परत बसवायला इंजिनाचं पुढचं कव्हर उघडावं लागतं. मी पाचर मेपलच्या फळीची केली, सुमारे एक फूट लांब, खाली निमुळती, आणि बाहेर ओढायला वर भोक पाडून दोरी बांधली.

पाच नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नव्हता. सीटला एका बाजूला काळी पट्टी. पिस्टन आणि बोअर मात्र सुंदर, क्रॉसहॅचच्या रेषा अजून दिसतात. हेड आणि मॅनिफोल्ड दोन्ही मशीन शॉपला दिले.

२३ डिसेंबर

मॅनिफोल्ड ०.४ मिलिमीटर वाकलेला निघाला, सपाट करून आला. व्हॉल्व्हच्या सीट कापल्या, नवीन सील टाकले. हेड बसवलं, बोल्ट तीन टप्प्यांत मधून बाहेर असे आवळले. टॅपेटची फट थंड इंजिनावर इनटेक ०.२०, एक्झॉस्ट ०.२५ मिलिमीटर. गरम झाल्यावर ०.२५ आणि ०.३० करून पुन्हा बघायचे.

क्रँकच्या पुलीवर ३६ जागांचं आणि एक दात कमी असलेलं चक्र लावतोय. त्यावरून पेट्रोल आणि इग्निशन सांभाळणाऱ्या नव्या कॉम्प्युटरला क्रँक कुठे आहे ते कळेल. पण पुलीवरच्या टायमिंगच्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. या पुलीच्या बाहेरच्या आणि आतल्या कड्यात रबर असतं, जुनं झालं की बाहेरचं कडं घसरतं. पिस्टन स्टॉप लावून दोन्ही बाजूंनी मोजलं, खूण ६ अंश चुकीची. पुली नवीन मागवली. सहा अंश चुकीच्या इग्निशनवर बूस्ट (टर्बोचा जास्तीचा दाब) दिला असता तर पिस्टन वितळू शकले असते.

१३ जानेवारी २०२४

बाहेर कडाक्याची थंडी. गॅरेजमधला हीटर रात्रभर चालू ठेवला तेव्हा सकाळी पाने हातात धरता आले.

एल२४ बाहेर आलं. रिकाम्या बॉनेटखाली पहिल्यांदाच नीट बघायला मिळालं. बॅटरीच्या ट्रेखाली रुपयाएवढा गंज, बाकी स्वच्छ. घासून, प्रायमर मारून रंग दिला.

हात सुकेपर्यंत आण्णांशी बोललो. त्यांना ही गाडी का आवडते ते मला आज कळलं. १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली शेखर मेहताने याच २४०झेडमधून जिंकली होती. आपल्याकडचं वाटणारं नाव पेपरात बघून शेडमधल्या पोरांनी त्याचं कात्रण भिंतीला लावलं होतं म्हणे. मेहता युगांडात जन्मलेला, केनियाकडून धावणारा. पुढे ती रॅली त्याने आणखी चार वेळा जिंकली. चिखल आणि खड्ड्यांतून हजारो किलोमीटर पळालेली ही जात आहे. मी तिला मऊ कापडाने पुसत बसतो.

२७ जानेवारी

इंजिन आणि पाच गियरचा गियरबॉक्स एकत्र जोडून आत सोडला. क्रेनवर मी, खाली मार्गदर्शनाला शेजारी. माउंटचे बोल्ट पहिल्या फटक्यात बसले. प्रॉपेलर शाफ्ट जुळला. साडेचार तासांत सगळं आत. इतकं सरळ काम झालं की मी घरात जाऊन चहा घेतला.

संध्याकाळी क्लच दाबला, गियर पडेना. पेडल पूर्ण खाली, तरी क्लच सुटत नाही.

२८ जानेवारी

कारण सापडलं, चूक माझी. टर्बोच्या फ्लायव्हीलवर २४० मिलिमीटरचा क्लच आहे, माझ्या जुन्या गाडीत २२५ होता. दोन्ही प्रेशर प्लेटची उंची वेगळी, म्हणून रिलीज बेअरिंग ज्या कॉलरवर बसतं तो कॉलरही वेगळ्या उंचीचा लागतो. मी जुनं बेअरिंग बदलून नवीन बसवलं, पण कॉलर २४०झेडचाच ठेवला. प्रेशर प्लेट आणि कॉलर ही जोडी आहे, एकाच्या नावावर दुसरा घ्यायचा. आता पूर्ण गियरबॉक्स परत खाली.

४ फेब्रुवारी

योग्य कॉलर आला, गियरबॉक्स वर, क्लच सुटतो.

गियरबॉक्स उतरवलेलाच होता, तेव्हा मागचं डिफरन्शियलही आताच बदललं. सुबारू एसटीआयच्या आर१८० चं घर या गाडीच्या आर१८० सारखंच, त्यामुळे जागेवर बसतं. मधे ॲडॉप्टरचे स्टब लागतात. ३.५४ रेशो आणि आत लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक नुसतं फिरत राहत नाही. जुन्या चार गियर आणि ३.३६ वर ताशी ११३ किलोमीटरला इंजिन ३२०० फेऱ्यांवर ओरडत असे. आता पाचव्या गियरमध्ये (०.७४५) त्याच वेगाला हिशोबाने २५०० येतात.

१७ फेब्रुवारी

इंधन. या कामाला लोक एक संध्याकाळ देतात, मी दोन आठवडे दिले.

कार्बोरेटरला ३-४ पीएसआयचा दाब पुरतो. इंजेक्टरला ४३ लागतो. बूस्टमध्ये तो दाब मॅनिफोल्डच्या दाबाबरोबर वरही गेला पाहिजे, नाहीतर इंजेक्टरच्या तोंडाशी फरक कमी होऊन पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जातो. इंजेक्टरचा हिशोब असा : २५० अश्वशक्तीला ताशी साधारण ६८ किलो पेट्रोल. सहाने भागून ११.३. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून १४.२. मिनिटाला सुमारे ३२० सीसी. मी ४४० चे घेतले.

मूळ टाकीत आडवे पडदे नाहीत. पाव टाकीवर वळणात पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो. कार्बोरेटरच्या वाटीत तेवढा साठा असायचा, इथे नाही. म्हणून मागे एक छोटी सर्ज टाकी : कमी दाबाचा पंप ती भरत राहतो, जास्त दाबाचा पंप तिच्यातून घेतो, उरलेलं परत मोठ्या टाकीत. परतीची मूळ नळी अरुंद होती, मोठी टाकली. सगळे जोड दाब देऊन रात्रभर तपासले. पेट्रोलच्या जोडात 'चालेल' म्हणून काही सोडायचं नसतं.

२४ फेब्रुवारी

टर्बोच्या नळ्या. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसला, मूळ २८०झेडएक्स टर्बोला तो नव्हताच. बाहेर २५ अंश असताना ०.७ बारला दाबलेली हवा टर्बोतून सुमारे ९५ अंशांवर बाहेर पडते. गरम हवा विरळ असते आणि नॉकला (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटण्याला) आमंत्रण देते.

संध्याकाळी आण्णांना सगळं दाखवलं. त्यांनी बूस्ट, इंटरकूलर काही विचारलं नाही. म्हणाले, "तेल परत कसं जातंय ते दाव." मी परतीची नळी दाखवली. "ही हितं आडवी का पडलीया?" एक्झॉस्टपासून लांब न्यायला मी ती थोडी आडवी फिरवली होती. उष्णता नको म्हणून, असं सांगितलं. ते गप्प बसले.

२ मार्च

वायरिंगचा पहिला दिवस. जुनी गाडी पूर्ण करंट अॅमीटरमधून फिरवते, पन्नास वर्षांच्या वायरींतून तो नेणं मला धोक्याचं वाटतं. अॅमीटर काढून त्या जागी व्होल्टमीटर बसवला, डायल मात्र जुन्याच अक्षरांची.

अल्टरनेटर झेडएक्सचा, रेग्युलेटर आतच. याच्या वार्निंगच्या वायरीत डायोड टाकायला विसरायचं नाही. नाहीतर चावी बंद केली तरी अल्टरनेटर त्या वायरीतून उलटा पुरवठा करतो आणि इंजिन चालूच राहतं.

९ मार्च

मेगास्क्वर्टचा कॉम्प्युटर, एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर, कॉइल सगळे जोडले. टॅकोमीटर मूळचा करंटवर चालणारा, कॉइलच्या वायरीच्या वेढ्यातून फेऱ्या मोजतो. नव्या कॉइलवर तो मेला. आतली सर्किटची पट्टी बदलून कॉम्प्युटरच्या सिग्नलवर चालवला.

१६ मार्च

इग्निशन काढून, प्लग काढून स्टार्टरवर तेलाचा दाब येईपर्यंत फिरवलं. टर्बोच्या बेअरिंगमध्ये गोळ्या नाहीत, दांडा तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो आणि मिनिटाला लाखावर फिरतो. तेल पोचण्याआधी एकदाही फिरवायचा नाही. फीडची नळी सोडून धार बघितली, परत लावली.

प्लग लावले. चावी. तिसऱ्या प्रयत्नाला चालू.

पाणी, गळती, दाब बघत वीस मिनिटं चालवलं. टॅपेट गरम असताना ०.२५ आणि ०.३० केले.

१७ मार्च

आज परत चालू केलं, दहा मिनिटांनी आयडलवर मागून निळा धूर. आधी व्हॉल्व्ह सील वाटले, पण ते नवीन. कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं, सहाही १३० च्या आसपास. मग टर्बोचं एक्झॉस्टकडचं तोंड उघडलं : टर्बाइनचं घर तेलाने ओलं.

टर्बो चांगला आहे, दांड्यात खेळ नाही. दोष त्या आडव्या नळीचा. टर्बोत तेल दाबाने जातं, बाहेर मात्र फेस होऊन फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं. त्याला रुंद आणि सरळ खाली जाणारी वाट लागते. वाट आडवी झाली की फेस आत तुंबतो आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातो. आण्णांनी तीन आठवड्यांपूर्वी बोट ठेवलं होतं तीच जागा.

२३ मार्च

नळी एक माप मोठी घेतली, सरळ खाली, कुठेही आडवी नाही, संपमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडली. एक्झॉस्टपासून वाचवायला पत्र्याची ढाल आणि उष्णतारोधक कापड. अर्धा तास आयडल. धूर नाही. आण्णांना फोन केला आणि त्यांचं बरोबर होतं हे आधी सांगितलं. ते म्हणाले, "नळी दाव परत." दाखवली. "आता झालं."

९ एप्रिल

गुढीपाडवा. काल ग्रहण झालं, ऑफिसच्या गच्चीवरून सूर्याची अगदी बारीक कोर उरलेली पाहिली. आज सकाळी बाल्कनीत गुढी उभारली. मार्चअखेरच्या पावसाने रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलंय.

संध्याकाळी गाडी बाहेर काढली. वेस्टगेटला (बूस्टची मर्यादा ठरवणाऱ्या झडपेला) सगळ्यात हलकी स्प्रिंग, म्हणजे बूस्ट जेमतेम ०.४ बार. पहिले २० किलोमीटर बूस्ट न देता. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये अर्धा पेडल. २८०० फेऱ्यांपर्यंत तेच ओळखीचं सहा सिलिंडर, तोच आवाज. त्यानंतर मागून कोणी पाठीला तळहात लावून ढकलावं तसं. झटका नाही, वाढत जाणारा दाब. पेडल सोडलं तेव्हा माझा हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेला होता.

२० एप्रिल

ट्यूनिंग. ९३ ऑक्टेनचं पेट्रोल. बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ वर, इग्निशनची वेळ मुद्दाम मागे.

नॉक ऐकायला मी ब्लॉकला एक चपटी केलेली तांब्याची नळी बोल्टने लावली, तिला रबरी नळी, तिचं टोक कानावरच्या बंद हेडफोनमध्ये. नॉक झाला की खडा पत्र्यावर पडावा तसा 'टक' येतो, वाइडबँडच्या आकड्यात तो दिसत नाही. ०.५५ बारला ३८०० फेऱ्यांवर दोनदा ऐकू आला. तिथे इग्निशन २ अंश मागे घेतलं, पुन्हा तीच धाव, आवाज नाही. असं कॉम्प्युटरच्या तक्त्यातलं एकेक घर भरत गेलो. गाडी चालवायला मित्र, मी शेजारी लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन.

४ मे

०.७ बार. इंटरकूलरनंतरची हवा लांब ओढीतही ४५ अंशांच्या वर गेली नाही. इथे थांबतो. हे इंजिन आणखी बूस्ट सोसेल, पण ते चाळीस वर्षांचे पिस्टन आहेत आणि मला ही गाडी दर रविवारी चालवायची आहे.

एक अडचण उरली आहे. काच वर करून चालवलं की आत एक्झॉस्टचा वास. डिकीच्या दाराचं रबर वाळून कडक झालंय, गाडीच्या मागे तयार होणाऱ्या पोकळीतून धूर आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म डॅशबोर्डवर ठेवला, तो एकदा वाजलासुद्धा. रबर बदलेपर्यंत मुलीला गाडीत बसवणार नाही.

१८ मे

डिकीचं रबर, मागच्या दिव्यांमागची गॅस्केटं, पत्र्यातल्या ग्रोमेटची भोकं, सगळं नवीन. एक्झॉस्टचं टोक बंपरच्या चार सेंटिमीटर बाहेर काढलं. काच बंद करून तासभर हायवे, अलार्मवर शून्य.

८०० किलोमीटर झाले. तेल बदललं, फिल्टर कापून बघितला, धातूचा कण नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळले, टोकाचे दोन पाव आटा फिरले. आणखी ५०० वर परत बघायचे. टॅपेट बघताना फोन शेजारी चालू होता. आण्णांनी आवाज ऐकून विचारलं, "दुसऱ्याचा इनटेक जरा सैल हाय का?" फीलर गेज घातला. ०.२८ निघाला. ०.२५ केला.

उद्या सकाळी मुलीला घेऊन तळ्यापर्यंत.